खांद्यावरचा हुद्दा उतरल्यानंतर: लष्करातून नागरी नोकरीकडे जाताना

"स्टोअर सांभाळत होतो."

सतरा वर्षं सेवा करून बाहेर पडणारा एक माणूस बायोडेटा लिहायला माझ्यासमोर बसला होता. 'काय काम करत होतात?' असं विचारल्यावर त्याने एवढंच सांगितलं आणि गप्प झाला. मग मी एकेक खोदून विचारत गेलो. स्टोअरमध्ये किती वर्षं? आठ. किती प्रकारच्या वस्तू? चार हजारांच्या वर. हाताखाली माणसं? सहा. तपासणी? वर्षातून दोनदा. कधी तूट निघाली? त्याने माझ्याकडे जरा चमकूनच पाहिलं. "तूट? तूट निघून कसं चालेल?"

म्हणजे आठ वर्षं, सोळा तपासण्या आणि एकदाही तूट नाही. गोदाम चालवणारा कुठलाही माणूस हे ऐकून खुर्चीत सावरून बसेल. पण बायोडेटाच्या कच्च्या कागदावर त्याने लिहिलं होतं: 'स्टोअरची जबाबदारी. शिस्तप्रिय. मेहनती.'

लष्करात स्वतःबद्दल स्वतः बोलायची वेळ येत नाही. खांद्यावरचा हुद्दा बोलतो, छातीवरच्या फिती बोलतात, सेवापुस्तिका बोलते. समोरच्याला एका नजरेत कळतं की हा कोण, किती वर्षांचा, कशातला जाणकार. सेवा संपते त्या दिवशी ही सगळी यंत्रणा एकदम बंद पडते. आपल्याला काम येत नाही, असा समज करून घेऊन बरेच जण बाहेर पडतात. प्रत्यक्षात काम येत असतं, ते सांगायची सवय नसते. पुढच्या बहुतेक पायऱ्या ही सवय लावण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: वर्षभर आधी सुरुवात करा

शेवटच्या महिन्यात धावपळ करून हे काम होत नाही. अमेरिकेत सेवा सोडण्याच्या किमान ३६५ दिवस आधी पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू करावा, असा नियमच आहे. तिथे शेवटच्या १८० दिवसांत एखाद्या नागरी कंपनीत काम शिकायची मुभाही मिळू शकते. ब्रिटनमध्ये ही मदत सेवा संपण्याच्या दोन वर्षं आधीपासून सुरू होऊ शकते आणि बाहेर पडल्यावरही दोन वर्षं चालते. भारतात संरक्षण मंत्रालयाखालचं पुनर्वसन महासंचालनालय प्रशिक्षण आणि नोकरीची कामं पाहतं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत सेवाच चार वर्षांची आहे आणि जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम केलं जातं. म्हणजे बाकीच्यांनी तिसऱ्या वर्षीच बाहेरचा विचार सुरू करायला हवा. तुमच्या सेवेत यातलं काय लागू आहे ते कार्यालयात जाऊन स्वतः विचारा आणि लेखी घ्या. बराकीतल्या ऐकीव माहितीवर विसंबू नका.

गणवेश अंगावर असेपर्यंत एक काम मात्र करून टाका: कागदपत्रं. केलेल्या प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र, वार्षिक मूल्यमापनाच्या ज्या प्रती मिळू शकतील त्या, चालवलेल्या वाहनांचे परवाने, प्रशस्तिपत्रं आणि संपूर्ण वैद्यकीय नोंद. गुडघा, पाठ, कान यांच्या जुन्या तक्रारी नोंदवायच्या राहिल्या असतील तर आत्ता नोंदवून घ्या. "चालतंय, किरकोळ आहे" असं म्हणत वर्षानुवर्षं दवाखान्यात न गेलेले लोक मी पाहिले आहेत. पुढे भरपाई किंवा उपचारांची वेळ आली तेव्हा दाखवायला त्यांच्याकडे एक चिठ्ठीही नव्हती. आज कारकुनाकडून दहा मिनिटांत मिळणाऱ्या कागदासाठी बाहेर पडल्यावर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

दुसरी पायरी: कामाची वही

एक साधी वही घ्या. प्रत्येक नेमणुकीला दोन पानं. हाताखाली किती माणसं होती, कुठली यंत्रं किंवा वाहनं होती, रोज काय करायचो, काय बिघडलं होतं आणि ते मी कसं सुरळीत केलं, मी तिथून निघालो तेव्हा आधीपेक्षा काय वेगळं झालं होतं. बायोडेटाची भाषा इथे नको. आठवेल तसं, तोडकंमोडकं लिहा. एका बैठकीत हे होत नाही, महिनाभर चालू द्या. एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावून "त्या वर्षी आपण नक्की काय काय केलं होतं रे?" असं विचारलंत तर अर्धी वही त्या फोनवर भरते.

यात एक पथ्य पाळा. ठिकाणांची नावं, संपूर्ण तुकडीची संख्या, मोहिमांच्या तारखा, शस्त्रांची किंवा उपकरणांची क्षमता यांतलं काहीही या वहीत किंवा पुढे बायोडेटात नको. गोपनीयतेचं बंधन सेवेबरोबर संपत नाही. सुदैवाने नोकरी देणाऱ्याला त्याची गरजही नसते. 'दुर्गम भागात तीस जणांचा पुरवठा वर्षभर अखंड ठेवला' एवढं त्याला पुरतं. शंका आली तर लिहू नका, आणि सेवेत आहात तोवर वरिष्ठांना दाखवून घ्या.

तिसरी पायरी: भाषांतर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

हुद्द्याच्या नावावर भिस्त ठेवणं किती फसवं असतं, याचं उदाहरण लष्करातच आहे. कॅप्टन म्हणजे कोण? भूदलातला कॅप्टन 'कंपनी' नावाच्या एखाद्या तुकडीच्या कारभारात असतो, तर नौदलातला कॅप्टन अख्खी युद्धनौका चालवतो. नाटो देशांनी हुद्द्यांची जी सामायिक श्रेणी ठरवली आहे, तिच्यात भूदलाचा कॅप्टन अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या पायरीवर येतो आणि नौदलाचा पाचव्या. सैन्यांना आपापसांत एकमेकांचा हुद्दा कळावा म्हणून कोष्टक करावं लागलं. मग नोकरीसाठी तुमचा कागद वाचणाऱ्या, कधी छावणीचं फाटकही न पाहिलेल्या माणसाला तो कसा कळणार?

म्हणून हुद्दा एकदाच लिहा आणि लगेच त्याचा अर्थ सांगा. 'प्लाटूनचा कमांडर' याच्यापुढे 'तीस जणांचं प्रशिक्षण, कामाची वाटणी, रजा, शिस्त आणि साहित्य यांची थेट जबाबदारी' असं आलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. गाडीतळावर काम केलं असेल तर 'वाहनताफ्याची देखभाल आणि वेळापत्रक'. गार्ड ड्युटीचा तक्ता लावत असाल तर 'चोवीस तासांच्या पाळ्यांचं नियोजन'. संदेशयंत्रणेत असाल तर 'दळणवळण जाळ्याची उभारणी आणि दुरुस्ती'. लघुरूपं सगळी काढून टाका, अगदी जी तुम्हाला लघुरूपं वाटतच नाहीत तीसुद्धा. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकाची प्रणाली चाळते आणि जाहिरातीतले शब्द तुमच्या कागदात शोधते. तिला गाडीतळ कळत नाही, वाहनताफा कळतो.

त्याहून अवघड भाषांतर आहे 'आम्ही'चं 'मी'मध्ये. तुकडीत राहून आपण 'मी' म्हणायचंच सोडून देतो, आणि ती सवय चांगलीच आहे. पण मुलाखतीत "आम्ही पूल उभा केला" म्हटलं की समोरच्याच्या मनात प्रश्न येतो, त्यात हा काय करत होता? "पूल आमच्या तुकडीने उभा केला, सामान वेळेवर आणि मोजून पोचवणं माझ्याकडे होतं" असं म्हटल्याने कुणाचंही श्रेय हिरावलं जात नाही. आपल्या वाट्याचं काम नेमकं सांगणं आणि बढाई मारणं यांत फरक आहे, आणि तो फरक तुमच्या मनाला पटेपर्यंत हे मोठ्याने बोलून सराव करा. आरशासमोर नको, माणसासमोर. घरातलं कुणीही चालेल, लष्कराशी संबंध नसलेलं असेल तर आणखी चांगलं. ऐकताना त्यांच्या कपाळावर आठी पडली की समजा, तिथे अजून भाषांतर बाकी आहे.

त्या स्टोअरवाल्या माणसाच्या कागदावर शेवटी ही ओळ आली: 'चार हजारांहून अधिक वस्तूंच्या साठ्याची आठ वर्षं जबाबदारी, सहा जणांचं पर्यवेक्षण, सलग सोळा तपासण्यांत शून्य तूट.' 'शिस्तप्रिय' आणि 'मेहनती' हे दोन्ही शब्द खोडले. त्यांची गरज उरली नव्हती.

चौथी पायरी: कुठल्या दिशेने जायचं

तीन वाटा असतात. तेच काम नागरी क्षेत्रात करायचं, जवळचं काम पकडायचं, किंवा पूर्ण नवं काही शिकायचं. बहुतेकांसाठी मधली वाट सोयीची ठरते. पुरवठ्यातला माणूस गोदाम किंवा वितरणाकडे, यंत्रं सांभाळणारा कारखान्याच्या देखभालीकडे, प्रशिक्षक असलेला कंपनीच्या प्रशिक्षण विभागाकडे, तर संगणकाची आणि जाळ्यांची सुरक्षा पाहिलेला सायबर सुरक्षेकडे.

पहारेदारीच्या कामाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. कुठल्याही माजी सैनिकाला पहिला देकार बहुधा तिथूनच येतो. काम मानाचं आहे, आणि सुरक्षा व्यवस्थापनात खरोखर पुढे जायचं असेल तर जरूर घ्या. पण समोरच्याला 'सैनिक' म्हटल्यावर दुसरं काही सुचत नाही आणि आपल्यालाही सुचत नाही, केवळ या कारणासाठी घेऊ नका. वीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलेल्या हातांनी फाटकावर वहीत नावं लिहीत बसावं, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

परवान्यांची चौकशी लवकर करा. लष्करात रोज केलेलं काम बाहेर परवान्याशिवाय करता येत नाही, असं बऱ्याच क्षेत्रांत आहे. रणभूमीवर जखमींवर उपचार केलेल्या वैद्यकीय साहाय्यकाला नागरी रुग्णवाहिकेवर काम करायला वेगळी पात्रता लागते. काही ठिकाणी सेवेचा अनुभव मोजला जातो. अमेरिकेत प्रवासी विमानाच्या वैमानिकाला साधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाची अट आहे, लष्करी वैमानिकाला ७५० तासांवर मर्यादित परवाना मिळू शकतो. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपी या परीक्षेसाठी ३५ तासांचं औपचारिक शिक्षण आणि प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचा काही वर्षांचा अनुभव लागतो. त्यात लष्करी कामाचा अनुभवही धरला जातो. तुमच्या क्षेत्रातल्या परवाना देणाऱ्या संस्थेला थेट विचारा: माझ्या सेवेतलं काय काय धराल?

महागडे अभ्यासक्रम विकणारे तुम्हाला शोधत येतील, कारण निवृत्तीची रक्कम हातात असते हे त्यांना ठाऊक असतं. पैसे भरण्याआधी ज्या नोकरीसाठी तो अभ्यासक्रम आहे तिच्या दहा जाहिराती वाचा. दहांपैकी दोन-तीन जाहिरातींतही त्या प्रमाणपत्राचं नाव नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि पदवी नाही म्हणून खचू नका. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाची सोय अमेरिकेने १९४४ च्या कायद्याने केली. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी तिचा लाभ घेतला. त्यांतले महाविद्यालयांत गेले सुमारे २२ लाख, बाकीच्यांनी इतर प्रशिक्षण घेतलं. हातातलं कसब घेऊन उभे राहणारे तेव्हाही जास्त होते.

पाचवी पायरी: माणसं

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळ नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली, तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून ती मिळाली होती. कारण सरळ आहे. जिवाभावाच्या माणसाला जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं.

सैनिकाच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे, कारण त्याचे सगळे जवळचे लोक लष्करातच असतात. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना गाठा, नात्यातल्या लांबच्या माणसाला फोन करा. पण नोकरी मागू नका. "तुमच्या क्षेत्रात काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आहे, वीस मिनिटं द्याल का?" एवढंच. विचारा की दिवस कसा जातो, नवा माणूस कुठे अडखळतो, माझ्या कागदात काय खटकतं. वीस मिनिटं झाली की स्वतःहून उठा. आणखी कुणाला भेटू, हे विचारायला मात्र विसरू नका. नोकरी मागितली की माणूस आक्रसतो, अनुभव विचारला की मोकळा होतो.

बायोडेटा आणि मुलाखत

बायोडेटा दोन पानांत बसवा. अलीकडची दहा वर्षं सविस्तर, आधीची चार ओळींत. जाहिरात बदलली की कागदही थोडा बदलायचा. एकच कागद शंभर ठिकाणी पाठवण्यात काही हशील नाही.

मुलाखतीसाठी वहीतून सात-आठ प्रसंग निवडा: काहीतरी ऐनवेळी बिघडलं तो, हाताखालच्या माणसाशी खटका उडाला तो, तुमची चूक झाली तो, अपुऱ्या साधनांत काम निभावलं तो. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगता आला पाहिजे: परिस्थिती काय होती, माझ्याकडे काय होतं, मी काय केलं, निष्पन्न काय झालं. चुकीच्या प्रसंगाला घाबरू नका. "हो, माझा अंदाज चुकला होता, मग पुढच्या वेळी मी असं केलं" हे सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

बसणं, बोलणं थोडं सैल करा. प्रत्येक उत्तराला 'सर' लावायची गरज नाही. प्रश्न आला की एक-दोन शब्दांत उत्तर देऊन थांबायची आपली रीत असते, पण मुलाखतीत तो रुक्षपणा वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने घरी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाला एक नागरी सूट दिला होता. आज तो आपला आपणच घ्यायचा आहे. तो अंगाला बसणारा असू द्या, आणि मुलाखतीच्या आधी दोन-तीनदा घालून वावरा.

लढाईबद्दल कुणी अगोचर प्रश्न विचारेलच. "त्याबद्दल मी बोलत नाही, पण ताणाखाली काम करण्याबद्दल विचारत असाल तर सांगतो" असं शांतपणे म्हणा आणि तयार ठेवलेला प्रसंग सांगा.

पगार ठरवताना हिशेब नीट मांडा. सेवेत घर, उपचार, प्रवास, गणवेश, कधी जेवणसुद्धा पगाराबाहेरून मिळत होतं. आता हे सगळं खिशातून जाणार. एक कागद घेऊन या प्रत्येकाची महिन्याची रक्कम लिहा आणि मगच तुमचा आकडा ठरवा. कंपनी सांगते तो वार्षिक आकडा आणि महिन्याला हातात पडणारी रक्कम यांत बरंच अंतर असतं, ते तिथेच विचारा. निवृत्तिवेतन मिळतं म्हणून कमी पगारावर या, असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. ते तुम्ही आधी केलेल्या सेवेचं आहे.

पहिले सहा महिने

नोकरी मिळाल्यावर खरी कसोटी लागते, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगत नाही.

बैठक दहाची असेल तर लोक दहा-दहाला येतील. तासभर चर्चा होईल आणि कुणी काय करायचं हे न ठरताच सगळे उठतील. तुम्ही सांगितलेलं काम कुणी 'बघतो' म्हणून बाजूला ठेवेल, त्याचा अर्थ उद्धटपणा नसतो. तुमचा वरिष्ठ वयाने दहा-बारा वर्षांनी लहान असेल. हुकूम हा शब्द विसरावा लागतो. इथे माणसाकडून काम करून घ्यायचं तर आधी त्याला ते का करायचं हे पटवावं लागतं. हे शिकायला वेळ लागतो, पण चांगला तुकडीप्रमुख सेवेतही हेच करत असतो, त्यामुळे अगदी पाटी कोरी नसते.

पहिले तीन महिने 'आमच्याकडे असं नसायचं' हे वाक्य तोंडातून काढू नका. ऐका, टिपणं काढा, कोण कुणाचं ऐकतं ते पाहा. कामाचा निकाल लोकांच्या नजरेत आला की मग एखादी चांगली पद्धत हळूच पुढे करा. एक तर हमखास चालते. मोहीम किंवा सराव संपल्यावर सगळ्यांनी बसून काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू हे बोलायचं, ही रीत अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात प्रशिक्षणासाठी बसवली आणि पुढे अनेक कंपन्यांनी उचलली. प्रकल्प संपल्यावर तुम्ही अर्धा तास मागून घेतलात तर कुणाचाच विरोध होत नाही. तिथे हुद्दा बाजूला ठेवून बोलतात, आणि अशा बोलण्याची तुम्हाला सवय आहे.

संध्याकाळी रिकामं वाटेल. पाच वाजले की सगळे आपापल्या घरी जातात, रात्री दोनला हाक मारली तर धावत येणारं शेजारी कुणी नसतं. त्यात अशक्तपणा मानू नका. ज्या माणसांबरोबर झोपलात-उठलात ती एकदम नाहीशी झाली आहेत, तर जिवाला लागणारच. जुन्या सोबत्यांशी ठरवून, वार लावून बोला. पण सगळा गोतावळा तेवढाच ठेवू नका. खेळ, वाचनालय, शेजार यांतून एक तरी नवं वर्तुळ धरा. घरच्यांनाही तुमची दिवसभर सोबत असण्याची सवय नाही. त्यांनी आजवर तुमच्याशिवाय घर चालवलं आहे, तिथे रोलकॉल घ्यायला जाऊ नका. महिन्याभराने त्यांनाच विचारा की कुठलं काम मी उचलू.

झोप लागत नसेल, क्षुल्लक आवाजाने दचकायला होत असेल, राग आवरत नसेल आणि हे काही आठवडे टिकलं तर डॉक्टरांकडे जा. गेल्यावर सेवेत होतो हे सांगा आणि काय पाहिलं-सोसलं त्याची निदान रूपरेषा द्या, नाहीतर ते नुसती झोपेची गोळी देऊन मोकळे होतील. मरून जावंसं वाटत असेल तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका.

पहिली नोकरी जमली नाही तर तोही जगाचा अंत नाही. शक्य असेल तर वर्ष पुरं करा, दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नका आणि सोडताना भांडू नका. दरम्यान कामाची ती वही बंद केलेली नसावी. नव्या जागेचीही दोन पानं तिच्यात भरत राहा: किती माणसं, काय बिघडलं होतं, मी काय केलं.